नवशिक्याची पहिली पेटी

१९३५ सालच्या आरंभीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत चाललेल्या एका खटल्यानें साऱ्या देशाचें लक्ष वेधून घेतलें होतें. प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग याच्या तान्ह्या मुलाच्या अपहरणाचा व खुनाचा तो खटला. न्यूयॉर्कमधील डब्ल्यू. एन. ई. डब्ल्यू. हें नभोवाणी-केंद्र त्याची बातमी वेळोवेळीं देत असे. परंतु एक बातमी संपून दुसरी येईपर्यंतचा वेळ भरून कसा काढावयाचा, हा प्रश्नच होता. मार्टिन ब्लॉक नांवाच्या तेथील निवेदकानें ध्वनिमुद्रिका विकत आणल्या, त्या एकामागून एक लावल्या, आणि मध्यें मध्यें तो असें कांहीं गोड बोलत राहिला कीं ऐकणाराला वाटावें, आपण एखाद्या भव्य नृत्यगृहांत बसलों असून वाद्यवृंद समोरच वाजवीत आहे. 'मेक बिलीव्ह बॉलरूम', म्हणजे लटकें नृत्यगृह, हेंच त्या कार्यक्रमाचें नांव. पुढें अशा तबकड्या लावणाराला 'डिस्क जॉकी', तबकडीवरचा घोडेस्वार, असें थट्टेचें नांव मिळालें आणि त्याचीं आद्याक्षरें 'डीजे' हीं जगभर रूढ झालीं. त्या काळच्या तबकड्यांत लाख असे व ती लाख बहुतांशीं हिंदुस्थानांतून जाई. तेव्हां अमेरिकेच्या या नव्या घोडेस्वारींत छोटा नागपूरच्या पळसाचा आणि कुसुंबाचाहि थोडा वाटा होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

महाराष्ट्रांत मात्र या दोन अक्षरांना निराळाच अर्थ आला आहे. मिरवणुकीपुढें ट्रकवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत म्हणजे डीजे, अशीच पुष्कळ सुशिक्षित घरांची समजूत असते. त्यामुळें घरांतल्या मुलानें किंवा मुलीनें 'मला डीजे-कंट्रोलर घ्यावयाचा आहे' असें म्हटलें कीं वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें प्रथम ती भिंत उभी राहते, आणि खिडक्यांचीं तावदानें थरथरूं लागतात. हा गैरसमज आधींच दूर झालेला बरा. कंट्रोलर ही मेजावर मावणारी एक सपाट पेटी असते. बाजाच्या पेटीहून हलकी आणि तिच्यासारखी स्वतःचा सूर नसलेली. डाव्या-उजव्या बाजूंस एकेक फिरतें चाक, मध्यें सरकत्या दांड्या, खालीं कांहीं बटनें. ती एका तारेनें संगणकास जोडावयाची. गाणीं असतात संगणकांत. बोटें काय करीत आहेत तेवढें पेटी संगणकाला कळविते, आणि एका गाण्यांतून दुसऱ्या गाण्यांत लय न तुटूं देतां कसें जावें याचा अभ्यास घरच्या घरीं, कानाला हेडफोन लावून, शेजाऱ्यांना पत्ताहि न लागतां करतां येतो.

प्रश्न उरतो निवडीचा. दुकानदार दिवे दाखवितो, बटनें मोजून दाखवितो, आणि अमुक इतके जास्त दिले तर चार गाणीं एकदम चालतात असेंहि सांगतो. घेणाराला यांतलें काय अवश्य व काय शोभेचें हें कळत नाहीं. मग एक तर सर्वांत स्वस्त खेळणें घरीं येतें व महिन्याभरांत माळ्यावर जातें, नाहीं तर सर्वांत महाग यंत्र घेऊन शिकाऊ मनुष्य त्याच्यापुढें बावरून बसतो. यावर उपाय एकच दिसतो. या पेटीवरचा प्रत्येक अवयव कोणाच्या तरी प्रत्यक्ष अडचणींतून जन्मास आलेला आहे. ती अडचण समजून घेतली कीं निवड पुष्कळ सोपी होते.

पहिली अडचण होती शांततेची. एक तबकडी संपून दुसरी लागेपर्यंत नाचणारे लोक उभे राहत. दोन यंत्रें शेजारीं शेजारीं ठेवल्यानें मधली पोकळी भरली. परंतु पहिल्या गाण्याची लय एक, दुसऱ्याची दुसरी, म्हणून पाय अडखळत तें अडखळतच. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें पश्चिम ४३ व्या रस्त्यावर, एका जुन्या जर्मन बॅप्टिस्ट चर्चच्या इमारतींत, 'सँक्च्युअरी' नांवाचें नृत्यगृह चालत असे. तेथें तबकड्या लावणारा फ्रान्सिस ग्रासो हा तरुण दुसऱ्या तबकडीची गति किंचित् कमी-अधिक करून तिचे ठोके पहिल्या तबकडीच्या ठोक्यांवर आणून बसवी आणि कांहीं काळ दोन्ही गाणीं एकत्र चालवून मग पहिलें हळूच काढून घेई. लयीचें हें जुळणें किती नाजूक असतें हें हिशेबानें पाहण्यासारखें आहे. एका गाण्यांत मिनिटास १२० ठोके व दुसऱ्यांत १२१ असले, तर प्रत्येक ठोक्यास सेकंदाच्या सुमारें अडीचशेंव्या भागाचा फरक पडतो. एवढा फरक कोणाच्याहि लक्षांत यावयाचा नाहीं. पण सोळाव्या ठोक्याला तो साचून दोन तबले एकमेकांना अडखळत असल्याचा भास होतो, आणि एका मिनिटांत तर पूर्ण एक ठोका इकडचा तिकडे होतो.

हें साधावयाचें तर लावणाराला दुसरें गाणें आधीं एकट्याला ऐकूं आलें पाहिजे. सभागृहाला तें ऐकूं येतां कामा नये. येथें दुसरी अडचण उभी राहिली. १९७१ च्या सुमारास ॲलेक्स रोझनर या ध्वनियंत्रज्ञानें ग्रासोसाठीं एक मिश्रणयंत्र, म्हणजे मिक्सर, बांधून दिला. त्याच्या तांबड्या रंगामुळें त्याला 'रोझी' म्हणत. येणाऱ्या तबकडीचा आवाज केवळ हेडफोनमध्यें घेण्याची सोय त्यांत होती. आजच्या प्रत्येक कंट्रोलरवर हेडफोनचें चिन्ह असलेलीं जीं दोन बटनें दिसतात, तीं त्या तांबड्या पेटीचीच संतति होत.

तिसरी अडचण यंत्राच्या गतीची. जुन्या यंत्रांत मोटार एका बाजूस असे व रबरी पट्ट्यानें थाळी फिरवी. बोट लावून तबकडी थांबविली किंवा मागें ओढली तर पट्टा घसरे. सोडल्यावर पुन्हां वेग घेण्यास वेळ लागे. जपानांतील मात्सुशिता कंपनीच्या शुइची ओबाता या अभियंत्याच्या पथकानें पट्टा काढून टाकून थाळी मोटारीच्या आंसावरच बसविली. टेक्निक्स या नांवाखालीं हें यंत्र प्रथम १९७० मध्यें आलें. १९७२ त एस. एल. १२०० हा प्रकार निघाला. तो काढला होता घरीं बसून शांतपणें संगीत ऐकणाऱ्या गृहस्थांसाठीं. नृत्यगृहांतील लोकांनीं तो परस्पर उचलला, आणि मग १९७९ सालीं कंपनीनें त्यांच्या गरजा ध्यानांत घेऊन सुधारलेली आवृत्ति काढली. तींत गति कमी-जास्त करण्याची गोल फिरकी जाऊन दहा सेंटिमीटर लांबीची सरळ सरकती दांडी आली. तिनें गति शेंकडा ८ नें वर किंवा खालीं नेतां येई. म्हणजे १२० ठोक्यांचें गाणें ११० पासून १३० च्या जवळपासपर्यंत कोठेंहि आणतां येई. कंट्रोलरवर उजव्या कडेस दिसणारी उभी दांडी ती हीच.

परंतु या पेटीचा खरा जिवंत इतिहास घडला तो मॅनहॅटनच्या नृत्यगृहांत नव्हे, तर त्याच शहराच्या उत्तरेकडील ब्राँक्स या गरीब वस्तींत. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत एका मुलीनें शाळेसाठीं नवे कपडे घेण्यास पैसे जमावेत म्हणून एक मेळावा भरविला. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास सेंट, असें तिकीट. तबकड्या लावण्यास तिचा अठरा वर्षांचा भाऊ होता. क्लाइव्ह कँपबेल हें त्याचें नांव. जमैकांतून आलेलें हें कुटुंब. पुढें तो कूल हर्क या नांवानें प्रसिद्ध झाला. गाण्यांतील शब्द व सूर थांबून केवळ तालवाद्यें वाजूं लागलीं कीं लोक सर्वांत अधिक रंगून नाचतात, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. पण हा तुकडा जेमतेम कांहीं सेकंदांचा. म्हणून त्यानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर चढविल्या. एकीवरचा तुकडा संपला कीं दुसरीवर तोच पहिल्यापासून, तो संपला कीं पुन्हां पहिलीवर. ठेका संपूंच नये, एवढी साधी इच्छा. त्यांतून हिप-हॉप या नांवानें ओळखली जाणारी सारी कला निघाली.

हर्क सुई अंदाजानें टेकवी. त्यामुळें कधीं ठेका चुके. त्याच वस्तींतील जोसेफ सॅडलर या मुलाला तें खुपलें. हा व्यावसायिक शाळेंत विजेचीं यंत्रें शिकत होता आणि टाकून दिलेलीं ध्वनियंत्रें उचकटून त्यांचे भाग गोळा करण्याचा त्याला नाद होता. त्यानें दोन बाजूंस वळणारा एक साधा खटका मिक्सरला जोडला व कोणत्याहि तबकडीचा आवाज क्षणांत हेडफोनमध्यें घेण्याची युक्ति स्वतःच्या हातानें बनविली. शिवाय तबकडीवर रंगीत खडूनें खूण करून, घड्याळाच्या कांट्याप्रमाणें ती खूण कितीदां मागें फिरविली म्हणजे तुकडा पुन्हां आरंभीं येतो, हें त्यानें मोजून ठेविलें. ग्रँडमास्टर फ्लॅश या नांवानें जग त्याला ओळखतें. आजच्या पेटीवर आठ चौकोनी बटनें असतात; त्यांतील एक दाबलें कीं गाणें ठरलेल्या जागेवर जाऊन पडतें. ती ठरलेली जागा म्हणजे फ्लॅशची खडूची खूणच आहे. बटनांचा आकार मात्र निराळ्या घराण्यांतून आला. १९८८ सालच्या अकाई कंपनीच्या एम. पी. सी. ६० या तालयंत्रावर तशीं सोळा चौकोनी बटनें होतीं.

चाकाची गोष्ट याहून घरगुती आहे. १९७५ च्या सुमारास थिओडोर लिव्हिंग्स्टन नांवाचा एक लहानगा मुलगा आपल्या खोलींत मोठ्यानें तबकड्या लावून बसला होता. आई दाराशीं येऊन आवाज कमी करण्याविषयीं बोलूं लागली. तिचें बोलणें ऐकूं यावें म्हणून त्यानें फिरती तबकडी हातानें धरून ठेविली. हात नकळत मागें-पुढें होत राहिला, आणि हेडफोनमधून जो खरखरीत नाद आला तो त्याला आवडला. 'स्क्रॅच' या तंत्राचा जन्म असा आईच्या रागावण्यांतून झाला, असें थिओडोरनेंच सांगितलेलें आहे. घरांत कंट्रोलर मागणाऱ्या मुलांच्या मातांनीं ही हकीकत लक्षांत ठेवावी किंवा विसरून जावी, हें त्यांच्या सोयीवर आहे.

यापुढचा प्रवास झपाट्याचा आहे. तबकडी जाऊन सीडी आली. १९९४ त पायोनियर कंपनीनें सी. डी. जे. ५०० हें यंत्र काढलें, आणि २००१ च्या सी. डी. जे. १००० मध्यें चाकाला हात लावला तर सीडीवरचें गाणेंहि तबकडीप्रमाणें थांबूं व मागें जाऊं लागलें. त्याच सुमारास ॲम्स्टरडॅम येथील मंडळींनीं 'फायनल स्क्रॅच' नांवाची योजना पुढें आणली. तींत तबकडीवर गाणें नसे, नुसत्या काळाच्या खुणा असत. संगणक त्या खुणा वाचून आपल्याजवळचें गाणें तसतसें हलवी. तबकडी एकदां नुसती आज्ञा देणारी वस्तु झाल्यावर तिची जागा एखाद्या लहान चाकानें घ्यावी हें ओघानेंच आलें. निरनिराळ्या वाद्ययंत्रांनीं एकमेकांशीं बोलावें म्हणून 'मिडी' नांवाची सांकेतिक भाषा १९८३ पासून रूढ होतीच. २००३ सालीं हर्क्यूलिसनें 'डीजे कन्सोल' काढला. २००७ त जपानच्या वेस्टॅक्सचा व्ही. सी. आय. १०० आला, आणि त्यानंतर पायोनियरसारखे मोठे कारखाने या धंद्यांत उतरले. दोन थाळ्या, मिक्सर व तबकड्यांचे खोके मिळून जेवढें ओझें होई, तें सारें एका हातानें उचलतां येण्याजोगें झालें.

ओझ्याबरोबर आणखी एक गोष्ट हलकी झाली, आणि वाद आहे तो तिच्याविषयीं. संगणक प्रत्येक गाण्याचे ठोके आधींच मोजून ठेवितो. पेटीवर 'सिंक' असें लिहिलेलें एक बटन असतें. तें दाबलें कीं जें साधण्यास ग्रासोच्या पिढीला महिने लागत तें निमिषांत होतें. मग कान तयार करावयाचाच कशाला? जुने लोक या बटनास पाप समजतात व नवे त्यांना हंसतात. दोघांचेंहि थोडें चुकतें. यंत्रावर तयार केलेल्या नृत्यसंगीतांत लय घड्याळासारखी अढळ असते. तेथें 'सिंक' बिनचूक चालतें आणि तें वापरण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु ज्या गाण्यांत हाडामासाचा मनुष्य ढोलकी किंवा तबला वाजवितो, तेथें लय श्वास घेते. ती चढते, उतरते. जुनें चित्रपटगीत, रंगत चढत गेलेली लावणी, शेवटीं द्रुतांत जाणारा अभंग यांवर संगणकानें आंखलेली ठोक्यांची जाळी थोड्याच वेळांत सरकते व बटन खोटें बोलूं लागतें. अमेरिकेंतल्या नवशिक्याला कदाचित् वर्षभर ही अडचण येणार नाहीं. मराठी घरांतल्या मुलाला घरचींच गाणीं जोडावीशीं वाटलीं तर ती पहिल्याच आठवड्यांत येईल, आणि तेव्हां उपयोगी पडेल तो कान.

म्हणून पहिली पेटी अशी असावी कीं जिच्यावर कान तयार होऊं शकेल. सर्वांत आधीं पाहावयाचें तें हेडफोनचें. पुष्कळ पेट्यांच्या पोटांत स्वतःचा ध्वनिफलक, म्हणजे साउंड कार्ड, असतो. तो सभागृहाचा आवाज निराळा व कानांतला निराळा असे दोन पूर्ण मार्ग देतो. कांहीं अगदीं स्वस्त पेट्यांत तो नसतो. त्यांच्याबरोबर दोन फाटे फुटलेली एक तार मिळते; तिनें संगणकाच्या किंवा फोनच्या आवाजाची डावी बाजू लोकांकडे व उजवी कानाकडे जाते, आणि दोन्हीकडचें गाणें एकांगी होतें. काम चालतें, पण बचत झाली ती नेमकी रोझनरनें सोडविलेल्या अडचणीच्या ठिकाणीं. इतर कोठेंहि काटकसर करावी, येथें करूं नये.

दुसरी वस्तु गतीची दांडी. तिच्या लांबीकडे दुकानांत कोणी पाहत नाहीं. टेक्निक्सच्या दहा सेंटिमीटरांच्या दांडींत एक मिलिमीटर सरकविला तर १२० ठोक्यांच्या गाण्यांत सुमारें ०.१९ ठोक्याचा फरक पडे; सहा सेंटिमीटरांची दांडी तेवढ्याच हालचालींत ०.३२ चा फरक करते. एका मिलिमीटरची चूक मोठ्या दांडीवर पांच मिनिटांनीं पूर्ण ठोक्याएवढी होते, छोटीवर तीनच मिनिटांत. लहान पेटीवर लांब दांडी मिळणें कठीण हें खरें. मात्र जिच्यावर दांडीच नाहीं, नुसतीं अधिक-उण्याचीं बटनें आहेत, ती पेटी शिकण्यासाठीं घेऊं नये. चाकाचेंहि तसेंच: तें तबकडीएवढें बारा इंची असण्याचें कारण नाहीं, पांच-सहा इंच पुरेत, पण त्याच्या माथ्यावर हात ठेवल्यास गाणें थांबावें व कडेला स्पर्श केल्यास नुसतें किंचित् पुढें-मागें ढकललें जावें, हे दोन भेद त्याला कळले पाहिजेत.

उलट पक्षीं, एकदम चार गाणीं चालविण्याची सोय पहिल्या वर्षीं कोणालाच लागत नाहीं. हर्कनें दोनांवर जग हलविलें. रंगीत दिव्यांच्या ओळी, नादपरिणामांच्या फिरक्या, पेटींतच बसविलेला पडदा यांचाहि नवशिक्याला फारसा उपयोग नाहीं. उपयोगी दिव्यांचा एक अपवाद आहे. हर्क्यूलिसच्या 'इनपल्स' मालिकेंतील कांहीं पेट्यांवर दांडी कोणत्या बाजूस सरकवावी हें बाणाच्या दिव्यांनीं दाखविलें जातें. काम करावयाचें तें हातानें आणि चूक दाखवावयाची ती दिव्यानें, असा हा शिक्षकी प्रकार असल्यामुळें तो 'सिंक'पेक्षां कानाला पुष्कळ अधिक मानवतो.

मग सॉफ्टवेअर. पेटी ही त्याची केवळ हात-पाय. आणि प्रत्येक पेटी प्रत्येक सॉफ्टवेअरशीं सारखीच जमते असें नाहीं. सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर हीं प्रमुख नांवें. पेटीबरोबर बहुधा यांपैकीं एकाची आंखडती आवृत्ति मिळते व पूर्ण आवृत्तीसाठीं पुढें निराळे पैसे द्यावे लागतात. तो आंकडा पेटीच्या किंमतींत मिळवूनच तुलना करावी. 'मिक्स' नांवाचें एक विनामूल्य सॉफ्टवेअरहि आहे. ज्याला मुलाची आवड टिकते कीं नाहीं याची शंका असेल, त्यानें पंधरा दिवस तेंच घरच्या संगणकावर कळफलकानें चालवूं द्यावें. कळफलकावर हात अवघडतात, चुकतात, वैतागतात. पंधरा दिवसांनीं मुलगा 'आतां दांडी पाहिजे' असें म्हणाला तर ती त्याची खरी गरज समजावी.

जुनी, वापरलेली पेटी घेण्यासहि हरकत नसते. पण मधली आडवी दांडी, जिला क्रॉसफेडर म्हणतात, ती सर्वांत आधीं झिजते. ती एका टोकास नेऊन दुसऱ्या बाजूचें गाणें पूर्ण बंद होतें कीं बारीक गळत राहतें, हें ऐकून पाहावें. आणि दुकानांत, पेटी नवी असो कीं जुनी, दहा मिनिटें मागून घ्यावींत. एकच गाणें दोन्ही बाजूंस चढवावें, एकाची गति दांडीनें थोडी बिघडवावी, संगणकाच्या पडद्यावर हातरुमाल टाकावा, हेडफोनचा एक कप कानावर व दुसरा कान मोकळा ठेवून नुसत्या ऐकण्यानें दोन्ही पुन्हां जुळवीत जावें. पहिल्यांदा ठोके घोड्यांच्या टापांसारखे विस्कळीत पडतील, मग जवळ जवळ येतील. आणि दोन्ही गाणीं खरोखर एकावर एक आलीं, तर क्षणभर सारा आवाज एखाद्या लांब नळींतून येत असल्यासारखा पोकळ होऊन जाईल. तो पोकळ नाद पांच मिनिटांत एकदां तरी आणूं देणारी पेटी घरीं न्यावी.